'व्येदा' आणि वेद : एका स्लाव धातूचं खानदान

ब्रनोवासी

चेक शिकायला लागलं की पहिलं वाक्य तोंडात बसतं ते 'नेवीम', म्हणजे 'मला माहीत नाही'. बँकेत नेवीम, ट्राममध्ये नेवीम, घरमालकिणीपुढे नेवीम. पुढे वर्गात त्याचं कोष्टक आलं: वीम, वीश, वी (मला, तुला, त्याला माहीत आहे). मूळ क्रियापद मात्र 'व्येद्येत'. आणि त्याच्या शेजारी शब्दकोशात 'व्येदा', अर्थ विज्ञान! इथल्या विज्ञान अकादमीच्या नावातही हाच शब्द आहे.

शाळेत संस्कृत शंभर गुणांचं होतं, त्यामुळे कान टवकारले. प्रश्न असे:

वेद आणि व्येदा हे नातेवाईक आहेत की कुणी कुणाकडून उसना घेतलाय? मूळ शब्दात द आहे, मग वीम-वीश-वीमधला द कुठे गेला? आणि माझा रशियन सहकारी 'मला माहीत आहे' याला 'झ्नायू' म्हणतो, व्येद-बिद काही नाही. तो का वेगळा?

लिप्यंतराबद्दल: स्लाव भाषांत पूर्वी एक खास स्वर होता, जुन्या रशियन लिपीत त्याला 'यात' नावाचं वेगळं अक्षर होतं. तो मी सगळीकडे 'ये' असा लिहितोय. झ हा 'झरा'तला.

पेठकर काका

व्यासांनी सगळं लिहून ठेवलंय, चेक लोकांनी फक्त विज्ञान हे नाव दिलं. बाकी चालू द्या.

अदादिगण

चुलत भावंडं आहेत, उसनवारी नाही. आपल्या वेदांना चेकमध्ये 'वेदी' म्हणतात, साधा दीर्घ ए घालून, आणि तो शब्द पुस्तकांतून आलेला आहे. 'व्येदा' मात्र तिथल्याच मातीतला. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की स्वरावरूनच कळतं कोण पाहुणा आणि कोण घरचा.

आता जरा ऐसपैस लिहिते, कारण हा विद् म्हणजे माझा लाडका धातू आहे (सदस्यनाम बघा, संस्कृतात विद् अदादि या धातुगणात येतो).

आद्य स्लाव भाषेत, म्हणजे साधारण इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या मध्यापर्यंत जी बोलली गेली आणि जिचा एकही लेख नाही अशा भाषेत, 'जाणणे' याला *व्येद्येति असं क्रियापद होतं. तारांकन म्हणजे रूप पुनर्रचित आहे, कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही. पण आपण फार अंधारात नाही, कारण थोड्याच काळानंतर लिखाण सुरू झालं. सिरिल आणि मेथोडियस हे थेसालोनिकीचे दोघे भाऊ ८६३ मध्ये मोराव्हियात गेले (ब्रनोवासी, तुमच्याच भागात), आणि त्यांनी स्लाव भाषेत धर्मग्रंथ आणले. त्या परंपरेच्या पोथ्यांतल्या भाषेला जुनी चर्च स्लाव म्हणतात. तिच्यात 'मी जाणतो' याची चक्क दोन रूपं आहेत: 'व्येमि' आणि 'व्येद्ये'. शेवटचा इ अगदी ओझरता.

संस्कृत शिकलेल्यांना इथे घंटी वाजायला हवी. आपल्याकडेही विद् धातूची वर्तमानकाळी दोन कोष्टकं आहेत. एक वेद्मि, वेत्सि, वेत्ति. दुसरं वेद, वेत्थ, वेद. दुसऱ्याचे प्रत्यय परोक्ष भूतकाळाचे, अर्थ मात्र सरळ वर्तमानाचा. पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्रच केलं: 'विदो लटो वा' (३.४.८३). म्हणजे विद् धातूला वर्तमानकाळात विकल्पाने हे दुसरे प्रत्यय लागतात. आम्हाला शाळेत हा अपवाद म्हणून घोकायला लावला होता, कारण कुणी सांगितलं नाही.

कारण असं. मूळ भारोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, स्लाव या सगळ्यांच्या पूर्वज भाषेत, ज्याला आपण परोक्ष भूत म्हणतो ते रूप भूतकाळ सांगत नव्हतं, झालेल्या क्रियेतून उरलेली आजची अवस्था सांगत होतं. विद्-चा जुना अर्थ 'पाहणे, दिसणे'. त्याचं हे रूप म्हणजे 'पाहून झालंय', आणि ज्याचं पाहून झालंय त्याला ते ठाऊक असतं. ग्रीक 'ओइदा', गॉथिक (जर्मनची एक जुनी नातलग) 'वाइत', जर्मन 'इख वाइस', आर्मेनियन 'गितेम': सगळे 'मी जाणतो' म्हणतात आणि सगळ्यांच्या मुळाशी हेच रूप.

आणखी एक खूण. परोक्ष भूतात धातूचं द्वित्व होतं: चकार, जगाम, ददर्श. 'वेद'मध्ये ते नाही. विद् म्हणजे 'सापडणे' (विन्दति) त्याचं मात्र नियमानुसार 'विवेद' होतं. द्वित्व नसणं ही ग्रीक, गॉथिक, संस्कृत सगळीकडची खूण आहे, म्हणजे ती फार जुनी.

स्लाव भाषांनी हा अख्खा काळच टाकून दिला. परोक्ष भूताचं जुनं कोष्टक पुसलं गेलं. त्यातलं 'व्येद्ये' हे एकच रूप शिल्लक राहिलं.

रानमेवा

वाचनखूण साठवली. ताई, एक शंका. वेद्मि–व्येमि, वेत्सि–व्येसि, वेत्ति–व्येस्ति ही जोडी इतकी चपखल बसतेय की हेही कोष्टक मूळ भाषेतलंच असणार ना? मग जुनं कोणतं, वेद की वेद्मि?

खुसपटराव

ताईंच्या आधी मीच घुसतो, कारण इथे संस्कृतचा साक्षीदार कामाचा नाही आणि स्लावचा आहे.

संस्कृतने मूळचे अइ, एइ, ओइ हे तिन्ही संयुक्त स्वर एका 'ए'मध्ये कोंबले. त्यामुळे वेद्मि पाहून तो *वेइद-पासून आला की *वोइद-पासून, हे सांगता येत नाही. स्लाव भाषांनी मात्र हे वेगळे ठेवले: एइ-चा झाला ई आणि ओइ-चा झाला 'ये'. आता बघा. 'पाहणे' याचं आद्य स्लाव क्रियापद *विद्येति, चेक 'विद्येत', रशियन 'विद्येत'. त्यात ई आहे, म्हणजे मूळ *वेइद-. 'जाणणे' याचं *व्येद्येति, म्हणजे मूळ *वोइद-. आणि ओ हा स्वर त्या जुन्या परोक्ष भूताच्या एकवचनाचा ठरलेला स्वर आहे. मूळ भाषेत -मि प्रत्ययाचं खरं वर्तमान असतं तर स्लावमध्ये 'विमि'सारखं काहीतरी मिळालं असतं. मिळतं 'व्येमि'.

अर्थ असा, की व्येद्ये आधी होतं. लोकांना 'अर्थ वर्तमानाचा आणि प्रत्यय भलतेच' हे खटकलं, म्हणून त्यांनी व्येद- हे अंग उचललं आणि त्याला देणे-खाणे वगैरे क्रियापदांचे -मि, -सि, -ति लावले. संस्कृतातही बहुधा तसंच, स्वतंत्रपणे झालं. अशी चपखल जोडी दिसली की मला आधी संशय येतो.

अदादिगण

खुसपटराव, आज खुसपट नाही, चक्क सिद्धांत! सहमत.

पुरवणी: मूळ कोष्टकात अनेकवचनात अंग बदलायचं. संस्कृतात वेद पण विद्म, ग्रीकमध्ये ओइदा पण इदमेन, गॉथिकमध्ये वाइत पण वितुम. जर्मनमध्ये आजही इख वाइस पण वीर विसन. स्लावमध्ये हा खेळ संपला, सगळीकडे व्येद-. त्यावरूनही दिसतं की कोष्टकाची नव्याने शिवण झालीय.

ब्रनोवासींचा द: व्येद + मि मध्ये म-च्या आधी द गळला, व्येद + सि मध्येही गळला. व्येद + ति मध्ये द-त एकत्र आले की स्लावमध्ये स्त होतं, म्हणून व्येस्ति. संस्कृतात तिथे त्त, म्हणून वेत्ति. ग्रीकनेही स-च केला: वेत्थला ग्रीक 'ओइस्था', प्राचीन इराणच्या अवेस्तातही 'वोइस्ता'. पुढे चेकमध्ये व्येमि > वियेम > वीम. द शोधायचा असेल तर 'ते जाणतात' बघा: चेक 'व्येद्यी'. तिथे प्रत्यय स्वराने सुरू होतो म्हणून द वाचला.

ताम्हण

ल्युब्लियानात काही महिने काढले आहेत. स्लोव्हेनियनमध्ये वेम, वेश, वे. आणि तिथे द्विवचन अजून जिवंत आहे! 'आम्हा दोघांना माहीत आहे' याला 'वेवा'. संस्कृतचं विद्वः आठवून मला उगाच भरून आलं होतं.

वार्साकर

पोलिश आघाडीवरून. इथे व्येम, व्येश, व्ये. आणि शिकणाऱ्याला रडवणारी गोष्ट म्हणजे दोन क्रियापदांतली वाटणी. माणूस, गाव, गाणं परिचयाचं असेल तर 'झ्नाच'. एखादी गोष्ट, वस्तुस्थिती माहीत असेल तर 'व्येजेच'. मराठी माणसाला खरं तर सोपं जावं. 'मी त्याला ओळखते' इथे झ्नाम, 'तो कुठे राहतो ते मला माहीत आहे' इथे व्येम. मी पहिल्या वर्षी एका बाईंना 'मला तुमची बहीण माहिती आहे'च्या चालीवर काहीतरी बोलले, आणि त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

पण खरी मजा नामांची. 'पो' लावून झालेलं पोव्येजेच म्हणजे सांगणे, मूळ भाव 'कळवणे'. त्यातून पोव्येश्च (कादंबरी), ओद्पोव्येज (उत्तर), स्पोव्येज (चर्चमधला पापाचा कबुलीजबाब). व्येश्च म्हणजे बातमी. व्यादोमोश्च म्हणजे निरोप, संदेश. मोबाइलवर दिवसभर हाच शब्द. त्यात 'व्या' का, तर पोलिशमध्ये तो जुना स्वर कठोर द-त-नच्या आधी आ-कडे झुकला. साक्षीदार श्व्यादेक, तिथेही तेच. आणि चेटकीण 'व्येज्मा', म्हणजे 'जाणती'. 'द विचर' मालिकेतल्या त्या पांढऱ्या केसांच्या राक्षसमाऱ्याचं मूळ पोलिश नाव याच व्येज्मावरून घडवलेलं आहे.

अदादिगण

'कळवणे'वरून 'सांगणे' हा प्रवास आपल्याकडेही झालाय: निवेदन, आवेदन, निवेदक. नैवेद्यसुद्धा. देवाला आधी 'कळवायचं' आणि मग ठेवायचं.

चेटकिणीच्या शेजारी आपला वैद्य आणि वैदू बसवा. वैद्य विद्येवरून, आणि झाडपाला घेऊन गावोगाव फिरणारे वैदू त्या वैद्यावरून. रशियनमध्ये गंमत अशी की चेटकीण 'व्येद्मा' विद्-कडून आणि गावठी उपचार करणारा 'झ्नाखार' ज्ञा-कडून. ज्याला 'माहीत आहे' त्याच्याकडे जायचं आणि त्याला घाबरायचंही, हे सगळ्या खेड्यांत सारखंच.

पेठकर काका

मग अस्वल? रशियन मित्र म्हणतो त्यांचं 'मेद्व्येद' म्हणजे मध जाणणारा. मधु + वेद. हे तर उघड संस्कृत!

खुसपटराव

काका, सापळ्यात बरोबर पाय दिलात. रशियातही कोट्यवधी लोकांचा असाच समज आहे.

तो शब्द मेद्व + येद असा तुटतो. येद म्हणजे खाणे, आपला अद्. अद्मि-अत्सि-अत्ति, रशियन 'येम' म्हणजे मी खातो. मधू खाणारा तो मेद्व्येद. संस्कृतात हुबेहूब जोड आहे: ऋग्वेदात (१.१६४.२२) झाडावर बसलेल्या 'मध्वदः सुपर्णाः' येतात, मध खाणारे पक्षी. मधु + अद् = मध्वद्, उ-चा व झाला. तिकडेही तस्संच. तिकडे अस्वल, इकडे पाखरू.

मूळ भारोपीय नाव आपण ऋक्ष म्हणून ठेवलं, ग्रीकांनी 'आर्क्तोस' म्हणून. उत्तरेकडच्यांनी टाकून दिलं. जंगलात नाव घेतलं की तो येतो, अशी भीती असणार. आपल्याकडे रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

युक्रेनियन लोकांनी तर अक्षरं उलटवून 'वेदमीद' केलं. आता त्यात 'वेद' स्पष्ट ऐकू येतो, म्हणून लोक आणखी खात्रीने जाणणे-जाणणे करतात. पण तिथेच चोर पकडता येतो. युक्रेनियनमध्ये तो जुना 'ये' ई होतो: जाणणे 'वीदाति', उत्तर 'वीदपोवीद'. वेदमीदमधल्या वेद-ला ए आहे, म्हणजे त्याचा जाणण्याशी संबंध नाही.

दुसरा सापळा आधीच बुजवतो: सोव्हिएत. 'सव्येत' म्हणजे सल्ला, मंडळ. त्यात त आहे, द नाही. तो 'बोलणे' अर्थाच्या वेगळ्या धातूचा. रशियन 'अत्व्येत' (उत्तर) त्याचाच, आणि वार्साकरताईंचं ओद्पोव्येज मात्र विद्-चं. अर्थ एक, रूप जवळपास एक, खानदान वेगळं.

पेठकर काका

बरं. पण व्हॉट्सअपवर एक फिरतंय की रशियात प्राचीन वेद सापडलेत, लाकडी फळ्यांवर कोरलेले. त्याचं काय?

खुसपटराव

'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' संप्रदायाचा रशियन मठ. वेलेसचा ग्रंथ म्हणतात त्याला. मजकूर १९५० च्या दशकात परदेशातल्या रशियन लोकांच्या नियतकालिकांतून बाहेर आला. मूळ फळ्या दुसऱ्या महायुद्धात गहाळ झाल्या अशी सोयीस्कर कथा. त्यातली भाषा कुठल्याच काळाच्या, कुठल्याच स्लाव व्याकरणात बसत नाही. पोलिश, सर्बियन, जुनी रशियन रूपं एकाच ओळीत, तीही चुकीची. आंद्रेय झालिझन्याक यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञाने ती बनावट का, हे व्याकरणाच्या अंगाने दाखवून दिलंय. खऱ्या जुन्या भाषेत गोंधळ असतो, पण त्या गोंधळाला नियम असतो.

खरा पुरावा साधा आणि कंटाळवाणा असतो. द गळला, त्त-चा स्त झाला, ओइ-चा ये झाला, आणि हे फक्त या धातूत नाही, शेकडो शब्दांत.

ब्रनोवासी

सगळ्यांचे आभार, मी फक्त वाचतोय. एक भर घालतो, इथल्या एका ग्रंथालयातल्या प्रदर्शनात पाहिलेली. सिरिलच्या ग्लागोलित्सा लिपीत अक्षरांना नावं आहेत. पहिली तीन: आझ, बुकी, व्येद्ये. 'मी', 'अक्षरं', 'जाणतो'! म्हणजे अदादिगणताईंनी सांगितलेलं ते शिल्लक राहिलेलं रूप लिपीच्या तिसऱ्या अक्षरावर बसलेलं आहे. पुढे रशियात 'व्येदी' झालं. पहिल्या दोन नावांवरून वर्णमालेला 'आझबुका' म्हणतात हे माहीत होतं, तिसऱ्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

अदादिगण

अगदी. आणि तेच रूप रशियन बोलण्यात आजही रोज शेकडो वेळा येतं, फक्त कुणाला ओळखू येत नाही. 'व्येद्य' हा छोटा निपात: 'अरे, तू व्येद्य तिथे होतास ना', 'तो व्येद्य आजारी आहे'. आपण 'की', 'ना', 'नाही का' घालतो तसा. तो मुळात 'व्येद्ये', मी जाणतो. ब्रनोवासी, तुमचा सहकारी व्येद-बिद काही म्हणत नाही असं लिहिलंत, पण कान देऊन ऐका.

गोंयकार

रशियन पर्यटकांमुळे मोरजी भागात दुकानदारही चार शब्द बोलतात. 'बोग व्येस्त' म्हणजे 'देव जाणे' असं एका जुन्या गिऱ्हाइकाकडून ऐकलं होतं. आमच्या कोंकणीत 'देव जाणा'. हा व्येस्त तोच का?

अदादिगण

तोच! व्येस्त = वेत्ति. 'बोग व्येस्त' या ठरलेल्या शब्दप्रयोगात तृतीय पुरुष एकवचन जसंच्या तसं गोठून राहिलंय. बाकी भाषेतून ते कोष्टक कधीच गेलं.

आणि यात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दडलंय. रशियन, सर्बियन, क्रोएशियन, बल्गेरियन या सगळ्यांत 'जाणणे' हे काम *झ्नाति या दुसऱ्या धातूने बळकावलं. तो म्हणजे आपला ज्ञा. आणि मराठी-कोंकणीने नेमकं तेच केलं! जाणणे, जाण, जाणता, नेणता, सगळं ज्ञा-कडून. विद्-चं चालतं क्रियापद आपल्याकडे उरलेलं नाही. विद्या, विद्वान, वेदना, संवेदना, विदित, सगळी नामं-विशेषणं, तीही संस्कृतातून उचललेली. 'मी वेदतो' असं कोण म्हणेल?

का झालं? माझं मत असं: पश्चिमेकडे आणि स्लोव्हेनियनमध्ये 'मी'चा -म प्रत्यय बाकीच्या क्रियापदांतही पसरला, त्यामुळे वीम, व्येम, वेम विचित्र वाटेनात. रशियनमध्ये -म फक्त 'दाम' (देईन) आणि 'येम' (खातो) या दोघांपुरता उरला. एकटं पडलेलं व्येम तिथे टिकलं नाही.

खुसपटराव

आकर्षक, पण दोन आडवे दगड. सर्बियन-क्रोएशियनमध्येही -म पसरला, जवळपास प्रत्येक क्रियापदाला. तिथे व्येम टिकायला हवं होतं. टिकलं नाही, 'झ्नाम' आलं. दुसरीकडे बेलारूसमध्ये -मचा प्रसार नाही, तरी 'मी जाणतो' याला रोजच्या बोलण्यात 'व्येदायू' म्हणतात.

अदादिगण

बेलारूसचा दगड हलवता येतो. व्येदायू हे जुनं बिनविकरणाचं, म्हणजे धातूला थेट प्रत्यय लावणारं, कोष्टक नाही. व्येद- घेऊन नव्या, सरळसोट साच्यात ओतलेलं आहे. रशियन 'व्येदात', युक्रेनियन 'वीदाति' तसेच. म्हणजे तिथेही वाकडं कोष्टक मेलंच, धातू तेवढा वाचला. सर्बियनचा दगड मात्र तुमचा पक्का आहे, तो मला हलत नाही.

रानमेवा

तिकडे गेलेल्या धातूची नामं तरी उरली का? की आपल्यासारखंच?

वार्साकर

भरपूर. सर्बियन 'वेस्त' (बातमी), बल्गेरियन 'वेस्तनिक' (वर्तमानपत्र). रशियन झारशाहीचं पहिलं छापील वर्तमानपत्र झार पीटरने सुरू केलं, १७०३ मध्ये, त्याचं नाव 'व्येदोमोस्ती'. गंमत विज्ञानाची: चेक-स्लोव्हाक व्येदा/वेदा म्हणतात, क्रोएशियन-स्लोव्हेनियन 'झ्नानोस्त'. आपल्या विद्या आणि विज्ञान यांच्यासारखीच वाटणी. पोलिश आणि रशियन दोघांना सोडून 'नाउका' म्हणतात, 'शिकणे'वरून.

ताम्हण

साक्षीदारावर कुणी बोललं नाही. वार्साकरताईंचं श्व्यादेक, चेक स्व्येदेक, म्हणजे 'बरोबरीने जाणणारा'. रशियनमध्येही आधी 'स्व्येद्येतेल' होतं, पण लोकांना वाटलं, साक्षीदार तर पाहणारा असतो, आणि शब्द 'स्विद्येतेल' झाला, 'विद्येत'च्या ओढीने. म्हणजे पाहणे-जाणणे ही जी फाटाफूट ताईंनी सांगितली ती रशियन लोकांनी एका शब्दापुरती पुन्हा जोडली. आपला साक्षी पहिल्यापासून डोळ्यांचाच, स + अक्षि.

पेठकर काका

आणि सदसद्विवेकबुद्धी? त्यात विवेक आहे. तोही विद्-च ना?

खुसपटराव

नाही काका, विवेक विच्-चा, वेगळं करणे, पाखडणे. पण तुम्ही नकळत चांगल्या दारावर थाप मारलीत. त्या अजस्र शब्दाला रशियनमध्ये 'सोवेस्त', चेकमध्ये 'स्व्येदोमी'. बायबलच्या ग्रीकमधल्या 'सिनेइदेसिस'चं ते शब्दशः रूपांतर: सिन् म्हणजे सह, आणि एइद हा तोच आपला धातू. ग्रीक विद्-च्या जागी स्लाव विद् बसवला गेला, आणि अनुवादकाला ही दोन्ही सख्खी आहेत याची कल्पना असायचं कारण नव्हतं. आपल्याकडचा जवळचा सांधा म्हणजे संविद्.

रानमेवा

गीतेतलं 'तद्विद्धि' आठवलं. 'जाण' अशी आज्ञा. तिकडे आज्ञार्थ काय?

अदादिगण

जुन्या चर्च स्लावमध्ये 'व्येज्दि', चेकमध्ये 'व्येझ', जुन्या थाटाचं. पण विद्धि आणि व्येज्दि यांची जोडी लावू नका, मोह होतो. विद्धिचा प्रत्यय -धि. स्लाव रूप विध्यर्थातून आलंय, आपल्या 'विद्याः', 'विद्यात्'च्या गोतातलं. द-य एकत्र येऊन ते 'ज्द' झालं.

ताम्हण

जाता जाता, या धातूची महाराष्ट्राशी एक खरीखुरी गाठ सांगतो. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन, १४७० च्या आसपास चौलच्या बंदरात उतरला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. एक घोडा विकायला आणला होता. पावसाळ्यात जुन्नरला अडकला आणि तिथल्या खानाने घोडा जप्त केला: मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर सोन्याची हजार नाणी. एका खुरासानी ओळखीच्या माणसाने रदबदली केली म्हणून सुटला. पुढे बीदर वगैरे. त्याच्या टिपणांत एक वाक्य आहे, माझ्या लिप्यंतरात: 'प्रावुयु व्येरु बोग व्येदायेत, आ प्रावाया व्येरा बोगा येदिनागो झ्नाति'. खरा धर्म कोणता ते देव जाणे. आणि खरा धर्म म्हणजे एका देवाला ओळखणे, त्याचं नाव सगळीकडे निर्मळपणे घेणे.

एका वाक्यात दोन्ही धातू, आणि वाटणी बघा. कोणतं खरं, या माहितीसाठी विद्. देवाशी ओळख, यासाठी ज्ञा. वार्साकरताईंना पहिल्या वर्षी छळणारी तीच वाटणी, पंधराव्या शतकातल्या रशियन व्यापाऱ्याच्या हाताची.

वार्साकर

आजच्या पोलिशमध्येही ते वाक्य असंच होईल, 'बूग व्ये' आणि 'झ्नाच बोगा'. उलट केलं तर कानाला खटकेल.

खुसपटराव

छान सापडलं. एकच नोंद: त्याने 'बोग व्येस्त' नाही लिहिलेलं, 'बोग व्येदायेत' लिहिलंय. म्हणजे बेलारूसवाला नवा सरळसोट साचा त्याच्या बोलीत तेव्हाच रुळलेला होता. जुना व्येस्त गोंयकारांच्या गिऱ्हाइकाने ठेवला.